ज्वारी पेरणाऱ्याचेच पोपट

पोपट फार झाले, असं आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात कुणीही सांगेल. मला ते पटत नाही. पोपट वाढले की नाही ते मोजणारे सांगोत, ज्वारी मात्र डोळ्यांदेखत घटली. आमच्या शिवारात आता सोयाबीन, कपाशी आणि तुरीच्या ओळी. कपाशी-सोयाबीनमध्ये पोपटाच्या चोचीला लागेल असं फारसं काही नाही. मी घरच्या भाकरीसाठी आणि बैलजोडीच्या कडब्यासाठी एकरभर ज्वारी पेरतो. दाणा दुधात भरला की उजाडता उजाडता अख्ख्या शिवाराचे थवे माझ्या वावरात. शेजारी धुऱ्यावर उभा राहून म्हणतो, "पोपट तं तुमचेच पाव्हने हायेत, सर."

चिमण्या आणि सुगरणी निदान दाणे टिपतात. पोपट कणीस कुरतडतो, तुकडा एका पायात धरून चार दाणे खातो आणि उरलेला टाकून पुढच्या कणसावर जातो. पोटात जातं त्याहून जास्त जमिनीवर पडतं. थव्यात गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेले थोडे, बिनकंठीचे जास्त. मादीला कंठी नसतेच आणि नरालाही ती दोन-तीन वर्षांनी येते. वीण उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, म्हणजे यंदाची कोवळी पिलं बरोबर ज्वारी भरायच्या वेळी खादाड झालेली असतात.

हे पाखरू पूर्वीही होतंच. पण तेव्हा शिवारभर ज्वारी होती, आणि वावरावावरात मचाणावर गोफण घेऊन सोकारी बसायचा. थव्याने खाल्लं तरी ते शंभर जणांत वाटलं जायचं. तेवढंच तोंड आता एकट्याच्या वावरात येतं, आणि तो बिचारा पुढच्या वर्षी सोयाबीन पेरतो. मग उरलेल्यांवर भार आणखी वाढतो. ज्वारी गेली त्याला भाव, मजुरी, खाण्याच्या बदललेल्या सवयी अशी कारणं आहेतच. पण पाखरांचं हे कारण कुठल्या अहवालात कुणी ठळक केलेलं मी तरी वाचलं नाही.

जाळी लावून पकडा आणि विका, असाही सल्ला मिळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपोपट धरणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे पिंजरा टांगलेल्या ओसरीत बसूनच मला ऐकवलं गेलं! शिवाय त्याचंही घर आपणच मोडतो आहोत. तो घरटं बांधत नाही. तांबट-सुतारांनी पोखरलेली किंवा जुन्या झाडाची आपसूक झालेली ढोली शोधतो. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता झकास आहे, मीही त्यावरूनच अकोल्याला जातो. पण असे रस्ते होताना कडेची जुनी झाडं जातात, आणि ढोली धरायला कडुनिंबाला कित्येक वर्षं लागतात.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. ज्वारीची बिस्किटं आली, भाषणं झाली. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला. एकरभर रानासाठी महिनाभर माणूस बसवला तर त्यातलं हाती काय राहतं?

माझं म्हणणं असं की ज्वारी एकट्याने पेरूच नये. लागून असलेल्या वावरांचे दहा-पंधरा मालक एकत्र यावेत, एकच वाण, एकाच आठवड्यात पेरणी. दाणे एकदमच भरले की थव्याला रोज ताजं कोवळं कणीस पुरवणारं वावर उरत नाही, आणि सगळ्यांत मिळून दोन सोकारी पुरतात. कृषी विभागाने बियाण्याच्या पिशव्यांऐवजी अशा गटाला सोकारीची मजुरी द्यावी. आमच्या गावात चौघं तयार आहेत. पाचव्याचं वावर मधोमध आहे, आणि त्याने सोयाबीनचं बियाणं आधीच आणून ठेवलंय.