तोच खेळ, नवा नियम

"पुन्हा तोच गेम? परवाच तर संपवलास ना?" हे वाक्य आजकाल घराघरात ऐकू येतं. एकदा वाचलेली कादंबरी दुसऱ्यांदा हातात घेतली तर कोणी काही म्हणत नाही. संपलेला गेम पुन्हा सुरू केला की मात्र घरच्यांच्या कपाळावर आठ्या येतात. वेळ वाया घालवण्याची ही हद्द झाली, असंच सगळ्यांना वाटतं.

पण मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. उन्हाळ्याच्या सुटीत मेंढीकोट आपण किती वेळा खेळलो? पत्ते तेच, माणसं तीच. गोडी टिकायची ती नियमांमुळे. मामाच्या घरी हुकूम एका पद्धतीने ठरायचा, आत्याच्या घरी दुसऱ्या. "आमच्याकडे असं नाही खेळत" यावरून भांडणंही व्हायची. सागरगोट्यांत हात बसला की आपणच म्हणायचो, "आता डाव्या हाताने." जिंकणं सोपं झालं की आपणहून अवघड करून घ्यायचं, ही खेळणाऱ्या माणसाची जुनी खोड आहे.

आजची मुलं तेच करतात. डावपेचांच्या गेमचं एक नावाजलेलं उदाहरण सांगते. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' हा जपानी गेम 1997 साली आला. पडद्यावर बुद्धिबळासारखी घरं असतात, नायकाबरोबर चार-पाच जणांची तुकडी असते. कोणाला धनुर्धारी करायचं, कोणाला जादू शिकवायची, कोणाकडे औषधं द्यायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पडलेल्या साथीदाराला तीन फेऱ्यांच्या आत उठवलं नाही तर तो कायमचा जातो. गोष्ट एकदा कळली, लढाया पाठ झाल्या, की खरं तर संपायला हवं. पण इथेच लोक स्वतःला अटी घालतात. कोणी म्हणतं, नायकाने एकट्याने लढायचं. कोणी म्हणतं, सगळ्या तुकडीने एकच विद्या वापरायची. काही हौशी तर गेमच्या प्रोग्राममध्येच बदल करतात, शत्रूला जास्त हुशार करतात. अशा बदलाला 'मॉड' म्हणतात. अशा चाहत्यांनी हा गेम इतका जिवंत ठेवला की सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने तो नव्या रूपात पुन्हा आणला. गंमत म्हणजे मूळ प्रोग्राम कंपनीने जपून ठेवलेलाच नव्हता. आजीच्या हातची चव आठवून पदार्थ नव्याने बसवावा, तसा तो पुन्हा उभा करावा लागला.

हे काही परदेशी खूळ नव्हे. बुद्धिबळ आपल्याच देशात जन्मलं आणि त्याचे देशी नियम आजच्यापेक्षा वेगळे होते. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. राजाला एकदाच घोड्याची चाल मिळायची. प्रांत बदलला की बारकावे बदलायचे. पुढे 1996 साली बॉबी फिशर या जगज्जेत्याने बुद्धिबळात बदल सुचवला. मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची मांडणी दर डावाला चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलायची. अशा 960 मांडण्या होतात. हेतू एकच, सुरुवातीच्या खेळ्यांचं पाठांतर निरुपयोगी व्हावं आणि खेळणाऱ्याने पटाकडे बघून विचार करावा.

या अटींचं मोल आपल्याला स्वयंपाकघरात रोज दिसतं. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं बंद. शेगडी तीच, मसाल्याचा डबा तोच. तरी त्या चार महिन्यांत हात काही तरी नवं शिकतोच. सवयीने होणारं काम अट घातली की पुन्हा डोक्याने करावं लागतं.

मग या विषयावर लिहिण्याचं कारण काय? कारण आहे आपली सून आणि लेक. हडपसर पूर्वी मळ्यांचं आणि भाजीचं गाव होतं. आता मगरपट्ट्यातल्या संगणक कंपन्यांत सकाळी निघून रात्री परतणाऱ्या मुली घरोघरी आहेत. अशीच एक सून रात्री सगळं आवरून तासभर कॉलेजातला जुना गेम खेळते, स्वतःला नवनव्या अटी घालून. सासूबाईंची तक्रार माझ्यापर्यंत आली: "लहान मुलासारखं काय ते! त्यापेक्षा शिवण तरी शिकावं." पारावर रोज तेच पत्ते कुटणाऱ्या पुरुषांना "त्यापेक्षा शिवण शिका" असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. एवढ्यातून उरलेला तासही 'उपयोगी' असलाच पाहिजे, हा आग्रह कशासाठी? बाईच्या विरंगुळ्यातून पापड-लोणचं निघालंच पाहिजे का? दिवसभर दुसऱ्यांनी आखलेले नियम पाळणाऱ्या बाईला एका तासापुरते स्वतःचे नियम करता येत असतील, तर ते मला मोलाचं वाटतं.

याचा अर्थ सगळे गेम चांगले, असं मुळीच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं बुडाली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी आणली, ते योग्यच झालं. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे दीर्घकाळ चाललं तर त्याला जागतिक आरोग्य संघटना आजार मानते. तिथे डॉक्टरांचाच सल्ला घ्यायला हवा. 'मॉड'ही कुठूनही उतरवून घेतला तर संगणकात व्हायरस शिरू शकतो, हे मुलांना सांगून ठेवा.

म्हणून सरसकट ओरडण्याआधी तीन गोष्टी बघा. यात पैसे जातात का? हाक मारली की खेळ थांबवता येतो का? आणि गेम खेळणाऱ्याला नाचवतोय, की खेळणारा स्वतःच्या अटीवर खेळतोय? पहिल्या दोन उत्तरांत काळजीचं काही नसेल, तर तिसऱ्यासाठी शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "या वेळी कोणता नियम लावलायस?" मुलगा असो वा सून, उत्तर द्यायला चेहरा खुलेल. आणि खेळ तिचा असेल, तर त्या तासापुरता कुकर दुसऱ्या कोणी तरी बंद करायला हरकत नाही.