ती गेली, की नेली?

‘येईल हो, कुणाबरोबर गेली असेल!’ हरवलेल्या मुलीच्या आईबरोबर पोलीस चौकीत गेले की हे वाक्य मी हमखास ऐकते.

अमेरिकेत विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात. तिथेही वेगळे घडले नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाची १९ वर्षांची क्रिस्टिन स्मार्ट २५ मे १९९६ च्या पहाटे पार्टीहून वसतिगृहाकडे परतताना नाहीशी झाली. सुट्टी आहे, गेली असेल फिरायला, असे विद्यापीठ-पोलिसांनी धरले. अहवालात तिचे पिणे, मुलांशी बोलणे नोंदवले, शोध रेंगाळला. तिच्यासोबत चालत गेलेला विद्यार्थी खुनाबद्दल दोषी ठरला, तो २०२२ साली!

१९९८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. गंभीर गुन्ह्याचा तपास विद्यापीठाच्या पोलिसांनी करायचा की स्थानिक, हे आधीच लेखी ठरवायचे. देशभरासाठीच्या २००८ च्या कायद्याने वसतिगृहातले कुणी बेपत्ता ठरल्यावर २४ तासांत स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले.

पण ‘बेपत्ता’ ठरवणार कोण? तो आधी तिचे चारित्र्य तपासत बसला, तर ते २४ तास सुरूच होत नाहीत. म्हणून मैत्रिणींनो, चौकीत ठणकावून सांगूया : ती कशी होती ते राहू द्या, ती कुठे आहे ते शोधा.