चार्जर आहे, पण तो चालू आहे का, हे कोण सांगणार?

पेट्रोलच्या गाडीने पुण्याहून कोल्हापूरला निघणारा माणूस पंप कुठे लागेल याचा विचार करत नाही. पंप रस्त्यावरून दिसतो, एक बंद असला तर पुढे दुसरा असतो, आणि पैसे रोख द्या नाहीतर क्यूआर कोड स्कॅन करा. इलेक्ट्रिक गाडीवाल्याचा प्रवास मात्र आदल्या रात्री मोबाइलवर सुरू होतो. कोणत्या गावात चार्जर आहे, तो आपल्या गाडीला लागेल का, किती किलोवॅटचा आहे, रात्री फाटक उघडे असते का, आणि मुख्य म्हणजे तो चालू आहे का? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशा देतो. बाकीच्यांची उत्तरे बहुतेक वेळा तिथे पोहोचल्यावरच मिळतात.

चार्जरच नाहीत, ही तक्रार आता अर्धीच खरी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात २५,२०० हून अधिक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती. कर्नाटकात ५,७०० च्या वर, त्याखालोखाल महाराष्ट्रात ३,७०० च्या वर. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे यंत्रे येत आहेत. त्यांच्याबद्दलची खरी माहिती मात्र त्या वेगाने येत नाही, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि गेली काही वर्षे इलेक्ट्रिक कार चालवतो. गेल्या पावसाळ्यात कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जात होतो. पाटणच्या पुढे एका ठिकाणी ॲपवर हिरवा ठिपका होता, शेजारी 'उपलब्ध' असे लिहिलेले. तिथे गेल्यावर चार्जरचा स्क्रीन उजळलेला, पण गन लावली की दहा सेकंदांत चार्जिंग तुटायचे. हेल्पलाइनवरचा मुलगा नम्रपणे सांगत राहिला, "सर, आमच्याकडे ऑनलाइन दाखवतंय." शेवटी शेजारच्या हॉटेलवाल्याने १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावू दिली. दोन तासांत सहा-साडेसहा युनिट वीज भरली, म्हणजे चाळीसेक किलोमीटरची सोय झाली. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प तिथून जवळच आहे. त्या परिसरात विजेची कमतरता नव्हती, कमतरता खऱ्या माहितीची होती.

तो मुलगा खोटे बोलत नव्हता. चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात ओसीपीपी नावाच्या प्रोटोकॉलने संवाद चालतो. चार्जर ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप पाठवतो आणि आपली स्थितीही कळवतो. गन मोकळी असेल आणि यंत्राने स्वतःहून बिघाड नोंदवला नसेल, तर सर्व्हर 'उपलब्ध' असेच दाखवतो. गाडीत प्रत्यक्ष वीज जाते का, हे गन लावल्यावरच ठरते. पण त्या चार्जरवरची मागची पाच चार्जिंग मिनिटाच्या आत तुटली, हे सर्व्हरला ठाऊक असते. एवढ्यावरून ठिपका पिवळा करणे हे अवघड प्रोग्रामिंग नाही. ते न करण्याचे कारण व्यावसायिक आहे. आपला नकाशा हिरवा दिसण्यातच कंपनीचा फायदा असतो.

दुसरी अडचण ॲपच्या गर्दीची. माझ्या मोबाइलवर चार्जिंगची नऊ ॲप आहेत. त्यातल्या पाचांच्या वॉलेटमध्ये मिळून अकराशे रुपये पडून आहेत. प्रत्येक ॲप मुख्यतः आपलेच चार्जर दाखवते. घाटात नेटवर्क गेले की ॲपही उघडत नाही आणि चार्जरही सुरू होत नाही. याची मुळे नियमांतही आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक चार्जिंग स्टेशनने निदान एका ऑनलाइन सेवा पुरवठादाराशी जोडून घ्यायचे होते आणि ठिकाण, चार्जरचे प्रकार, संख्या, दर ही माहिती द्यायची होती. 'निदान एक' या शब्दांचा अर्थ कंपन्यांनी सोयीने घेतला. तो एक पुरवठादार म्हणजे आपलेच ॲप.

याच सूचनांनी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे सर्व स्टेशनांची राष्ट्रीय नोंद ठेवण्याचे काम दिले. ब्युरोने डिसेंबर २०२२ मध्ये 'ईव्ही यात्रा' हे पोर्टल आणि ॲप आणले. कल्पना योग्यच होती. पण अशी नोंद खरी ठेवायची, तर प्रत्येक कंपनीने चार्जरची क्षणाक्षणाची स्थिती तिथे पाठवली पाहिजे. एकदा भरलेला पत्ता हा दूरध्वनी निर्देशिकेसारखा असतो. नंबर छापलेला असतो, पलीकडे कोणी फोन उचलेल याची खात्री नसते.

यावर कोणी म्हणेल, हा चारचाकीवाल्यांचा लाडाचा प्रश्न आहे, आपल्या वस्त्यांत त्याचे काय? मला उलट वाटते. ज्याच्या बंगल्याखाली स्वतःचे पार्किंग आहे, तो रात्री घरच्या मीटरवर गाडी लावतो आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघतो. त्याला सार्वजनिक चार्जर वर्षातून चार वेळा लागतो. मुंब्रा, भिवंडी, कोंढवा, मालेगाव इथल्या दाट वस्त्यांत, जिथे गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते, तिथल्या टॅक्सीवाल्याला आणि टेम्पोवाल्याला तो रोज लागतो. घरच्या विजेच्या बिलावर जीएसटी नाही, सार्वजनिक चार्जिंगच्या सेवेवर मात्र १८ टक्के आहे. म्हणजे ज्याच्याकडे जागा नाही तो आधीच जास्त पैसे देतो. त्यात ठिपक्याने फसवून दोन ठिकाणी हेलपाटा झाला, तर त्याच्या दिवसाच्या दोन-तीन भाड्यांवर पाणी पडते. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कंपन्यांच्या चांगुलपणावर सोडलेला नाही. युरोपीय संघाचा नवा नियम १३ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार ५० किलोवॅट व त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत. एप्रिल २०२५ पासून चार्जर चालू आहे का, मोकळा आहे का आणि दर काय, ही माहिती कंपन्यांनी विनामूल्य खुली करणे बंधनकारक झाले. ब्रिटनच्या २०२३ च्या नियमांनी वेगवान चार्जरच्या जाळ्याला वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली.

आपल्याला तर उदाहरणासाठी परदेशात जायचीही गरज नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि कोणत्याही बँकेचे खाते कोणत्याही ॲपवरून चालू लागले. भाजीवाला तुम्हाला 'माझे ॲप डाऊनलोड करा' असे सांगत नाही. चार्जिंग कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारा ओसीपीआय हा प्रोटोकॉलही तयार आहे. मोबाइलच्या रोमिंगसारखे त्याचे काम चालते. पीएम ई-ड्राइव्हअंतर्गत सर्वांसाठी एकच ॲप करण्याचा आणि ते काम भेलकडे देण्याचा विचार सरकारने २०२५ मध्ये मांडला. पण नुसते आणखी एक ॲप आले, तर माझ्या मोबाइलवर दहावे होईल. ॲप कोणाचेही असो, त्यामागची माहिती सर्वांची हवी.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ज्या चार्जरला सरकारी अनुदान किंवा सरकारी जागा मिळाली, त्याची चालू-बंद स्थिती, दर आणि वेळ खुल्या स्वरूपात प्रसिद्ध व्हावी. प्रत्येक चार्जरवर ॲप न घेता यूपीआयने पैसे देता यावेत. तो महिन्यात किती तास बंद होता, हा आकडा जाहीर व्हावा. आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काळ बंद राहणाऱ्या चार्जरचे अनुदान थांबावे.

यातले काही काम आपणही करू शकतो. आपल्या शहरात महापालिकेने किंवा महावितरणने उभारलेल्या चार्जरची यादी आणि गेल्या सहा महिन्यांतील बंद काळ माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात. चार्जर वापरला की 'ओपन चार्ज मॅप'सारख्या खुल्या नकाशावर दोन ओळींची नोंद करा, विशेषतः तो बंद असेल तेव्हा. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा शाळेचे आवार, जमातखाना, मंगल कार्यालय, ट्रस्टची रिकामी जागा इथे रात्रभर चालणारे साधे ३.३ किलोवॅटचे पॉइंट बसवण्याचा विचार विश्वस्तांपुढे मांडायला हरकत नाही. वस्तीतल्या इलेक्ट्रिशियन मुलांना त्यातून देखभालीचे कामही मिळेल.

तोवर लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी ठिपक्याचा रंग पाहू नये, त्याखालच्या ताज्या नोंदी वाचाव्यात. दोन किंवा अधिक गन असलेली जागा निवडावी. शोरूमच्या आवारातला चार्जर असेल तर आधी फोन करावा, कारण शोरूम बंद झाले की तोही बंद होतो. वॉलेटमध्ये पैसे नेटवर्क असतानाच भरावेत आणि पुढच्या चार्जरपाशी पोहोचताना बॅटरीत २० टक्के शिल्लक राहील असा हिशेब करावा.

ही खबरदारी आम्ही घेतो आणि घेत राहू. पण सरकारी पैशातून उभी राहिलेली सोय चालू आहे की बंद, हे नागरिकाला घरातून निघण्यापूर्वी कळलेच पाहिजे. पुढच्या वर्षी रस्त्यावर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रिक गाड्या असतील, आणि त्यातल्या पुष्कळ पोटासाठी चालणाऱ्या असतील. त्याआधी हा नियम व्हायला हवा.