हमी रुळांना, कापसाला नाही



कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाडनंतर आंबिवलीला थांबते. मोहने गावाचे स्टेशन हेच. वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्या एक्सप्रेस तिथे थांबत नाहीत, त्यामुळे आपण ही पाटी पळतीच पाहतो. पण या रुळांशी आपले नाते जुने आहे.

१८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली आणि त्याच साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली, १८६५ मध्ये थळघाट चढली, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. दरम्यान १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत भाव कडाडले. तेव्हा आपला माल बैलांच्या पाठीवर होता. घाटातून गाडी सुरू झाली त्याच वर्षी युद्ध संपले. भाव गेला आणि गाडी आली!

कापसाचे भाव कोसळले तरी रेल्वे कंपनीच्या विलायती भागधारकांचे काही बिघडले नाही. त्यांना भांडवलावर ५ टक्क्यांची सरकारी हमी होती. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे बव्हंशी शेतसाऱ्यातून भरायची. ज्याचा कापूस गाडीत, त्याच्या भावाला मात्र हमी नाही. उलट परतीच्या वाघिणींतून विलायती कापड आले आणि गावचा कोष्टी बसला.

मोहन्याला पुढे रेयॉनचा कारखाना निघाला. लाकडाच्या लगद्याचा धागा, म्हणजे आपल्या कापसाचा प्रतिस्पर्धीच. २००९ मध्ये तोही बंद पडला आणि कामगारांची देणी अडकली. त्या कामगारांशी आमचे भांडण नाही. हमी त्यांनाही नव्हती.

आज हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही तर तो कागदावरच राहतो. रेल्वेला गिऱ्हाईक लागते ते अख्खी मालगाडी भरणारे. चार गावांनी मिळून वीस-पंचवीस गाठी बांधल्या तर त्या ट्रकनेच न्यायच्या. ७ ऑगस्ट २०२० रोजी याच मार्गावरच्या देवळालीहून पहिली किसान रेल्वे सुटली. पुढे फळे-भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सूट मिळाली, तीही २०२२ मध्ये थांबली. कापूस-ज्वारी त्या सवलतीत कधी नव्हतीच.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: तालुक्याच्या स्टेशनावर शेतकरी गटाचा थोडा मालही घेतला जावा आणि कोरडवाहू पिकांना भाड्यात तीच निम्मी सूट मिळावी. आपल्या गावातून जवळचे स्टेशन किती कोस आणि गाठीमागे ट्रकभाडे किती पडते, हे लिहून आणा.