मॉडेल गप्प बसत नाही, तीच तर पंचाईत



या शनिवारचा विषय मासे. पापलेट तळावं की कालवण करावं हा नव्हे, तो वाद घरोघरी मिटवावा :-) कारखान्यातून पाण्यात गेलेलं एखादं रसायन माशाच्या अंगात किती साठेल, हे मासा न पकडता संगणकावर कसं काढतात आणि त्या उत्तरावर किती विसंबायचं, हा आजचा विषय. केमिस्ट्री म्हणून पळून जाऊ नका. शेवटी ही गोष्ट आपल्यासारख्या प्रोग्रामवाल्यांचीच आहे.

आधी हे साठणं म्हणजे काय ते बघू. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथल्या चिलटांसारख्या किड्यांचा बंदोबस्त करायला १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीडी, म्हणजे डीडीटीचं भावंड, पाण्यात सोडलं. शेवटच्या दोन वेळा प्रमाण होतं पाण्याच्या पाच कोटी भागांत एक भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम. जवळजवळ काहीच नाही. पण नंतर तिथले मासे खाणारे ग्रीब पक्षी मरायला लागले आणि त्यांच्या चरबीत सापडलं १६०० पीपीएम. ऐंशी हजार पट! पाण्यातून शेवाळात, तिथून बारीक जिवांत, मग माशांत आणि मग पक्ष्यांत, असं ते एकेक पायरी चढत गेलं होतं. रेचल कार्सनच्या १९६२ च्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर गेली.

मग नवीन रसायन बाजारात येण्याआधी हे तपासायचं कसं? ओईसीडीची एक ठरलेली चाचणी आहे, नंबर ३०५. मासे साधारण २८ दिवस रसायन घातलेल्या पाण्यात ठेवायचे, नंतर स्वच्छ पाण्यात. माशातल्या प्रमाणाला पाण्यातल्या प्रमाणाने भागलं की येतो बायोकॉन्सन्ट्रेशन फॅक्टर, थोडक्यात बीसीएफ. उत्तर चांगलं मिळतं, पण एका रसायनासाठी शंभरावर मासे, बराच वेळ आणि भरपूर पैसा लागतो. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार जगभरात नोंदवलेली रसायनं आणि मिश्रणं साडेतीन लाखांवर आहेत. एवढ्या टाक्या आणायच्या कुठून?

इथे मॉडेल येतं. कल्पना एकदम झकास आहे. ऑक्टेनॉल नावाचं एक तेलकट अल्कोहोल असतं, ते साधारण चरबीसारखं वागतं. बाटलीत ऑक्टेनॉल आणि पाणी घ्या, रसायन टाका, हलवा, आणि कशात किती गेलं ते मोजा. ऑक्टेनॉलमध्ये पाण्याच्या लाखपट गेलं तर त्याचा लॉग ५. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या गिलमन वीथ आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवलं की या आकड्यावरून बीसीएफचा अंदाज सरळ रेषेने काढता येतो. लॉगला ०.८५ ने गुणा, ०.७० वजा करा, झाला बीसीएफचा लॉग. लॉग ५ असेल तर बीसीएफ साधारण ३५००. लॉग ६ असेल तर २५ हजार. शाळेतल्या मुलाला जमेल असं गणित!

आता तर बाटलीही हलवावी लागत नाही. रेणूची रचना स्ट्रिंगसारखी लिहायची, त्याच संस्थेच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, एंटर मारायचं, उत्तर हजर. आणि या उत्तरावर खरे निर्णय होतात. युरोपच्या रीच कायद्यात बीसीएफ २००० च्या वर गेला तर रसायन "साठणारं", ५००० च्या वर "फार साठणारं". स्टॉकहोम कराराच्या निकषांतही ५००० हाच आकडा आहे, आणि मोजमाप नसेल तर लॉग ५ बघतात.

मग बिघडलं कुठे?

बिघडलं पीएफओएसपाशी. डाग न पडणारे गालिचे, आग विझवायचा फेस वगैरेंत वापरलेलं हे रसायन. पाणी आणि तेल दोन्हीला दूर ठेवतं, म्हणून तर त्याला एवढी मागणी! बाटलीत घालून हलवलं तर ते दोन थरांच्या मधल्या सीमेवर जाऊन बसतं. म्हणजे ज्या आकड्यावर सगळं मॉडेल उभं, तो आकडाच धड मोजता येत नाही. शिवाय शरीरात ते चरबीत जातच नाही, रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतं. चरबी गृहीत धरून लिहिलेल्या सूत्राला हे कळणार कसं?

बरं, माशांवर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा एका जातीत बीसीएफ आला २७९६. स्टॉकहोमच्या ५००० पेक्षा बराच कमी. नुसत्या आकड्यावर गेलं असतं तर पीएफओएस सुटलं असतं. पण समितीने ध्रुवीय अस्वलांसारख्या अन्नसाखळीच्या टोकावरच्या प्राण्यांतलं प्रमाणही विचारात घेतलं आणि २००९ साली ते यादीत आलं. मासा असं रसायन कल्ल्यांवाटे पाण्यात सोडू शकतो. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला ती सोय नाही. माणसाच्या रक्तातलं पीएफओएस निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. एरर देऊन बंद पडणारा प्रोग्राम बरा, तो निदान कळतो. खरा धोका असतो चुकीच्या इनपुटवर शांतपणे उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा. सरळ रेषेचं सूत्र कधीच "मला माहीत नाही" म्हणत नाही. काहीही द्या, ते दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा काढून देतं. ओईसीडीने २००४ साली अशा मॉडेलांसाठी पाच तत्त्वं मान्य केली. मॉडेल कुठल्या हद्दीत चालतं ते स्पष्ट सांगितलेलं असावं, हे त्यातलंच एक. पण अहवालात आकडा ठळक येतो आणि हद्द तळटीपेत जाते.

म्हणून माझं मत सरळ आहे. मॉडेलने लाल दिवा दाखवला तर थांबा. हिरवा दाखवला तर नुसता तेवढ्यावर सोडू नका, रसायन मॉडेलच्या हद्दीत आहे का ते आधी बघा. हद्दीबाहेर असेल तर उत्तराच्या जागी "माहीत नाही" लिहा, आणि मोजून दाखवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाका. तुम्ही म्हणाल, अशाने उद्योग कसे चालायचे? अहो, हद्दीतल्या रसायनांना त्रास नाहीच. उलट मॉडेलमुळे तिथले मासे वाचतात.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा याच जातीची रसायनं बनवणारा कारखाना होता. त्या भागातलं भूजल दूषित झालं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २०२५ साली तिथल्या न्यायालयाने माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आली आपल्या लोटे परशुरामला. लोट्यात काही घडलंय असं मी म्हणत नाही. पण लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीत जातं आणि खाडीत लोक मासे धरतात, एवढं मात्र नक्की.

तेव्हा कुठल्याही अहवालात "साठण्याची शक्यता कमी" असं वाचलंत तर दोन प्रश्न विचारा. हे मोजलं की मॉडेलने काढलं? आणि काढलं असेल, तर ते मॉडेल कुठल्या रसायनांवरून शिकलंय?

उत्तर तळटीपेत असेल. तिथूनच वाचायला सुरुवात करा.