हिशेब मुलींनी ठेवायचा, सही मात्र आपली!

दहावी-बारावीचे निकाल लागले की हैदराबादच्या आपल्या मराठी मंडळांत गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. पहिले क्रमांक बहुधा मुलींचेच. शाल होते, श्रीफळ होते आणि मागोमाग व्यासपीठावरून उपदेश होतो : बँकेची परीक्षा दे, नाहीतर आयटीत लाग. आम्ही स्वतः बँकेतले कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. बँकेच्या नोकरीला आम्ही नावे ठेवणार नाही, आमची चूल तिच्यावरच पेटते. पण तंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्यांत भांडवल घालणाऱ्या फर्ममध्ये, म्हणजे व्हेंचर कॅपिटलमध्ये, जायचे असे एखादी मुलगी म्हणाली की "तो जुगार आहे, मुलीच्या जातीने त्यात पडू नये" असे सांगणाऱ्या ज्येष्ठांशी आमचे भांडण आहे.

बँक ठेवीदारांचा पैसा कर्जाऊ देते. म्हणून ती तारण मागते, हप्ता बांधते आणि व्याजावर समाधान मानते. व्हेंचर कॅपिटल फंड मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा साधारण दहा वर्षांसाठी गोळा करतो आणि नव्या कंपनीत हिस्सा विकत घेतो. तारण नाही, हप्ता नाही. बऱ्याच कंपन्या बुडतात, एखाद-दुसरी इतकी वर येते की बाकीच्यांचा तोटा भरून निघतो. ती एखादी कोणती, हे माणूस, बाजार आणि ताळेबंद वाचून ओळखायचे असते. याला जुगार म्हणत नाहीत, पारख म्हणतात. आणि पारख ही काय पुरुषांची वतनदारी आहे?

उदाहरण शोधायला लांब जायला नको. वाणी कोला याच हैदराबादच्या. उस्मानिया विद्यापीठात अभियांत्रिकी शिकल्या, पुढचे शिक्षण अमेरिकेत ॲरिझोनात घेतले. 1996 साली सिलिकॉन व्हॅलीत त्यांनी राइटवर्क्स ही कंपनी काढली, वाढवली आणि विकली. 2006 साली त्या भारतात परतल्या आणि बंगळूरला भागीदारांसह फंड उभारला. तोच आजचा कलारी कॅपिटल. मिंत्रा लहान होती तेव्हा या फंडाने तिच्यात पैसा घातला, 2014 साली ती फ्लिपकार्टने घेतली. स्नॅपडीलमध्येही घातला, ती पुढे स्पर्धेत मागे पडली. एक डाव साधला, एक अडखळला, तरी फंड उभा आहे. धंदा म्हणतात तो यालाच.

या क्षेत्रात मुलींसाठी पायघड्या घातल्या आहेत, असेही आमचे म्हणणे नाही. अमेरिकेत एलेन पाओ यांनी क्लायनर पर्किन्स या नामांकित फर्मवर 2012 साली दावा लावला. स्त्री म्हणून आपल्याला डावलले, अशी त्यांची तक्रार होती. 2015 साली ज्यूरीने निकाल फर्मच्या बाजूने दिला. पाओ हरल्या, पण एक प्रश्न चव्हाट्यावर आला तो आलाच : मुली ॲनालिस्ट म्हणून आत येतात, कंपन्या शोधतात, टिपणे लिहितात, पण पैसा घालायचा की नाही हे जिथे ठरते, त्या टेबलापाशी त्यांतल्या किती पोचतात?

वाचकहो, अमेरिकेचे राहू द्या. हाच प्रश्न काचीगुड्यापासून बरकतपुऱ्यापर्यंतच्या आपल्या मंडळांना आम्ही विचारतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या कोण फाडते? मुली. जमाखर्च संगणकावर कोण चढवते? मुली. आणि चेकवर सही कुणाची? ज्यांना संगणक सुरू करायलाही नातीला हाक मारावी लागते, त्यांची! जिला आपण समाजाच्या दहा हजारांचा निर्णय घेऊ देत नाही, तिने उद्या दहा कोटींचा निर्णय घ्यावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

"समाजाचा पैसा आहे, जोखीम नको," हे उत्तर तयार असते. मग आठवा 1907 साल. निजामाच्या राजवटीत आपल्या पूर्वसूरींनी विवेकवर्धिनी उभी केली, तेव्हा त्यांच्यापुढे कसले तारण होते? माणसे ओळखून आणि काळाची पावले ओळखूनच त्यांनी ती जोखीम घेतली. त्यांचे वारस म्हणवणारे आपण मात्र मुदतठेवीच्या पावत्या कुरवाळत बसलो आहोत.

आमच्या मागण्या दोनच. मार्गदर्शन शिबिरात बँक आणि आयटीबरोबर या क्षेत्राची माहितीही मुलींना मिळावी. तेलंगण सरकारने 2018 साली खास स्त्री-उद्योजकांसाठी सुरू केलेले वी-हब याच शहरात आहे, तिथे मुलींना घेऊन जावे. आणि दुसरी : पुढच्या कार्यकारिणीत मंडळाच्या चेकवरची एक सही तिशीच्या आतल्या मुलीची असावी, नावापुरती नव्हे, नकार देण्याच्या अधिकारासह.

शाली पुष्कळ पांघरून झाल्या. आता तिच्या हाती चेकबुक द्या!