शिवणीतली माया

रमजानचे पहिले दोन अशरे, म्हणजे वीस दिवस, सरत आले की महाल, भालदारपुरा, मोमिनपुरा या भागांतले टेलर नवं कापड घेणं थांबवतात. उरलेली ईदची खरेदी मग तयार कपड्यांकडे वळते. पूर्वी ही सगळी गर्दी केळीबाग रोड, गांधीबाग आणि इतवारीत मावायची. आता तिचा बराच भाग मोबाइलवर आला आहे. महालातल्या जुन्या वाड्यांच्या माडीवर, दोन खोल्यांच्या घरात आज कपड्यांची दुकानं चालतात. त्यांना पाटी नाही, काउंटर नाही. ठोक बाजारातून कुर्ते, सूट, लहान मुलांचे पठाणी आणायचे, फोटो काढून व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचे, ऑर्डर आली की पार्सल बांधायचं. घरातलं कामधाम सांभाळून हा धंदा करणाऱ्या बायका दोन्ही समाजांत आहेत. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली, तेव्हा पाडव्याची कुर्ती आणि ईदचा सूट एकाच घरातून, एकाच कुरिअरने गेला असेल तर त्यात नवल नाही.

या धंद्यात विकण्यापेक्षा परत घेणं कठीण आहे. रंग आवडला, कापड आवडलं, पण अंगाला बसला नाही, ही तक्रार ठरलेली. तिच्या भीतीने फोटोखाली एक ओळ हमखास दिसते : ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’. विकणाऱ्याला ती ढालीसारखी वाटते. खरं तर त्याच ओळीने नवं गिऱ्हाईक दारातून मागे फिरतं.

विकणाऱ्या बाईची बाजू आधी समजून घ्यायला हवी. समजा, सातशे रुपयांच्या कुर्तीत तिला दीडशे सुटतात. पाठवायला सत्तर रुपये कुरिअर. कुर्ती परत आली तर आणखी सत्तर. म्हणजे कमाई गेली, वर पॅकिंगचा खर्च अंगावर, आणि ईद उलटून गेल्यावर हाती आलेली कुर्ती कुणी घेईल याची खात्री नाही. मोठ्या कंपन्या हा तोटा लाखो ऑर्डरींमध्ये वाटून टाकतात. घरातून विकणारीकडे तो वाटायला जागा नसते. तिच्या महिन्याच्या मिळकतीतूनच तो वळता होतो.

म्हणून खरा प्रश्न परतीच्या आधीचा आहे. कपडा परत येतोच का? बहुतेक वेळा त्याचं कारण मापाच्या चिठ्ठीत असतं. ‘एल’ आणि ‘एक्सएल’ ही अक्षरं आहेत, मापं नव्हेत. एका कंपनीचा ‘एल’ छातीत चाळीस इंच, दुसरीचा बेचाळीस. परदेशी अंगकाठीवर बेतलेले तक्ते आपल्याकडे सर्रास चालतात. भारतीय शरीराची मापं ठरवण्यासाठी ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत पंचवीस हजारांवर लोकांची मापं घेण्याचं ठरलं. त्यात महाराष्ट्रातून मुंबई होती, नागपूर नव्हतं. तेव्हा चिठ्ठीवरच्या अक्षरावर विसंबून महालातून पार्सल पाठवणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

उपाय जुना आणि फुकटचा आहे : टेप. कुर्ती सपाट जमिनीवर पसरून काखेखालून माप घ्यायचं, त्याची दुप्पट म्हणजे छाती. तसंच कंबर, सीट, खांदा, बाही आणि उंची. हे सहा आकडे इंचांत लिहायचे आणि हे माप कपड्याचं आहे की अंगाचं, हेही लिहायचं. घोळ नेमका इथेच होतो. चाळीस इंचांच्या अंगाला चाळीस इंचांची कुर्ती आवळते, दोन-तीन इंच सैलपणा लागतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेही सांगायचं. गिऱ्हाइकाला विचारायचं, ‘तुमच्या अंगावर नीट बसणारी एक जुनी कुर्ती मोजून पाठवता का?’ या एका प्रश्नाने कितीतरी पार्सलांचा परतीचा प्रवास वाचतो.

जुने शिंपी आणखी एक गोष्ट करायचे. शिवणीच्या आत इंचभर जादा कापड सोडायचे. त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. अंग वाढलं, माप चुकलं, तर उसवून सैल करता यायचं. आजच्या तयार कपड्यांत ती माया कापून टाकलेली असते, कारण हजार कपड्यांत इंच-इंच वाचवला की कारखान्याचा पैसा वाचतो. ठोक बाजारात माल निवडताना शिवण उलटून माया पाहणारी बाई पुढची भांडणं तिथेच मिटवून येते. ‘आत एक इंच माया आहे, जवळच्या टेलरकडून सैल करून घ्या, त्याचे पन्नास रुपये मी देते,’ असं तिला म्हणता येतं. परतीच्या कुरिअरपेक्षा ते स्वस्त पडतं आणि ईदला कपडाही अंगावर येतो.

आता कायद्याचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम स्पष्ट आहेत. माल सदोष निघाला, सांगितल्याप्रमाणे नसला किंवा ठरल्या तारखेनंतर पोहोचला, तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. धंदा म्हणून नियमित विकणाऱ्याला घरातून विकतो म्हणून सूट नाही. पण कपडा सांगितलेल्या मापाचाच असेल आणि गिऱ्हाइकाने स्वतःचं माप चुकीचं धरलं असेल, तर तो दोष विक्रेत्याचा ठरत नाही. म्हणजे इंचांत लिहिलेलं माप गिऱ्हाइकाइतकंच विकणारीचंही रक्षण करतं. फसवणूकच झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

न पाहता घेतलेल्या मालाचा प्रश्न मोबाइलने जन्माला घातलेला नाही. हनफी फिक्हमध्ये, म्हणजे भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या धर्मशास्त्राला मानतात त्यात, ‘खियार-ए-रूयत’ नावाचा हक्क आहे. न पाहता विकत घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा मोडण्याची मुभा ग्राहकाला असते. या परंपरेचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा हे आठव्या शतकात कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते, हे इथे मुद्दाम आठवावं. त्यांच्या भागीदाराने दोष असलेला एक कपडा तो दोष न सांगताच विकला आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सारी रक्कम दान करून टाकली, असं सांगितलं जातं. पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा माल राजीखुशीने परत घेणाऱ्याची चूक अल्लाह माफ करतो, असा आशय हदीसमध्ये आहे. महिनाभर रोजे धरून, जकात आणि फित्रा काढून, वर ‘नो रिटर्न’ची पाटी लावणं या शिकवणीत बसत नाही.

पण हक्क एका बाजूचा नसतो. चांदरातीला मागवलेला सूट ईदच्या दिवशी मिरवायचा, अत्तराचा वास तसाच ठेवून दोन दिवसांनी ‘बसला नाही’ म्हणून वापस करायचा, ही चोरीच आहे. तीन मापं मागवून दोन परत धाडणं, कुरिअरवाला दारात आल्यावर ‘आता नको’ म्हणणं, हेही त्याच वाटेने जातं. अशा पार्सलांचे पैसे कुणा बड्या कंपनीच्या तिजोरीतून जात नाहीत. कुणाच्या तरी मुलाच्या शाळेच्या फीमधून जातात. खोटं माप सांगणारा विक्रेता आणि खोटी तक्रार करणारा ग्राहक, दोघांच्या हातात एकच खोटी तागडी आहे.

याच महालाने २०२५ च्या रमजानमध्ये संचारबंदी पाहिली. ईद जवळ आलेली आणि बाजाराची शटर बंद. बाजार पुन्हा उघडायला सरकारी आदेश पुरला. गिऱ्हाइकाने पुन्हा त्याच ओट्यावर चढायला मात्र ओळख आणि भरवसा लागतो. हा भरवसा भाषणांतून येत नाही, चोख मापातून आणि खळखळ न करता परत घेतलेल्या कुर्तीतून येतो. मोबाइलवर विकत घेणारा आणि विकणारी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, नावावरून फक्त जात-धर्म ओळखतात. अशा वेळी पार्सल हीच ओळख.

तेव्हा यंदा ईदच्या ऑर्डरी घेताना ‘नो रिटर्न’ची ओळ पुसावी आणि तिथे चार ओळी लिहाव्यात : माप इंचांत, किती दिवसांत बदलून मिळेल, येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा, टॅग काढलेला, वापरलेला कपडा चालणार नाही. आणि ईदला बदलून हवा असेल तर ऑर्डरीची शेवटची तारीख कोणती, तेही त्यातच सांगावं. घेणाऱ्याने ऑर्डर देण्याआधी टेप हातात घ्यावा. कपड्यात इंचभर माया असली की तो जास्त दिवस टिकतो. सौद्याचंही तसंच आहे.